तिसगाव गिरणी

मामांच्या उधारीच्या वहीत माझं नाव कधीच नव्हतं. तिथं 'तिसगाव गिरणी' एवढंच लिहिलेलं असायचं. बाकीची गिऱ्हाइकंही तशीच: 'भिंगारचे झेरॉक्सवाले', 'केडगाव क्लास', 'चष्मेवाले सर'. माणूस काय करतो, नाहीतर त्याच्या घरी काय करतात, यावरून मामा त्याला लक्षात ठेवत. आमची पाथर्डी तालुक्यात तिसगावला पिठाची गिरणी होती, म्हणून मी गिरणी.

नात्यानं ते माझे मामा नव्हेत. त्या बोळात सगळेच त्यांना मामा म्हणत. नगरला दिल्लीगेटच्या आत शिरलं की चितळे रोडच्या बाजूला एक बोळ, त्यात खाली घड्याळ दुरुस्तीवाले आणि लाकडी जिन्यानं वर मामा. मूळचे ते टीव्ही मेकॅनिक. पिक्चर ट्यूब जायला लागल्या तसे मॉनिटरकडं वळले आणि मॉनिटरवरून डब्याकडं आले. कॅबिनेटला ते अजूनही डबाच म्हणतात.

आमच्या घरी डबा आला २०१२ च्या जूनमध्ये, माझी दहावी झाल्यावर. एमएस-सीआयटी करायचं तर घरी कॉम्प्युटर हवाच, हे मी अण्णांच्या गळी उतरवलं होतं. पहिल्या दिवसापासून त्यावर क्रिकेट ०७ चालू होतं, हा भाग वेगळा. अण्णांनी १९ हजार मोजले. त्यात इंटेलचा पेंटियम जी६३० प्रोसेसर, एच६१ चिपसेटचा स्वस्तातला मदरबोर्ड, २ जीबी रॅम आणि ३२० जीबीची हार्डडिस्क आली. हार्डडिस्क ५०० ची घ्यायची होती. पण आदल्या वर्षी थायलंडला पूर आला, तिथले हार्डडिस्कचे कारखाने पाण्यात गेले, भाव चढले, आणि तिसगावच्या गिरणीवाल्याच्या पोराला १८० जीबी कमी मिळाले.

२०१४ ला बी. कॉम.ला नगरला आलो तेव्हा हा डबा मांडीवर घेऊन एसटीनं करंजी घाट ओलांडला. प्रेमदान चौकाजवळ तिघांत एक खोली होती. पुढच्या वर्षी पुण्याला निघालेल्या एका मित्राकडून जुनं ग्राफिक्स कार्ड घेतलं, जीटीएक्स ७५० टीआय. साठ वॉटमध्ये भागणारं, एसएमपीएसची वेगळी वायर न मागणारं गुणी कार्ड. रॅमची आणखी एक २ जीबीची पट्टी टाकली. आता जग जिंकलं असं वाटलं आणि मी जीटीए ५ हा गेम चढवला.

तो चालायचा, पण कसा? गाडी पुढं जायची आणि रस्ता मागाहून यायचा. चौकात गर्दी दिसली की चित्र गचके खायचं. फार क्राय ४ तर उघडायलाच तयार नाही, नुसता काळा पडदा. त्याला चार कोअर, गेलाबाजार चार थ्रेड तरी लागायचे. माझ्या पेंटियममध्ये दोन कोअर आणि दोनच थ्रेड. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी तीन वेळा विंडोज नव्यानं टाकलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मार्केट यार्डात एका आडत्याकडं कांद्याच्या पट्ट्या लिहायचं काम केलं होतं. त्याचे आणि घरच्या पैशातून वाचवलेले मिळून १४ हजार साठले. २०१६ च्या दिवाळीच्या त्याच आठवड्यात जीटीएक्स १०५० टीआय हे नवं कार्ड बाजारात आलं. भाव १२ हजारांच्या घरात, म्हणजे माझ्या पैशात बसणारं. आधी एका मोठ्या दुकानात गेलो. तिथल्या पोरानं काउंटरवरून न उठता सांगितलं, "जुनं झालंय, सगळंच बदलावं लागेल." सहाव्या पिढीचा आय५, नवा बोर्ड, नवी डीडीआर४ रॅम, २२ हजार. खोटं काही बोलला नाही तो. माझ्या खिशात तेवढे नव्हते, इतकंच. मग कुणीतरी म्हणालं, बोळातल्या मामांकडं कार्ड मागवून मिळेल.

मी मामांना कार्डाचं नाव सांगितलं. त्यांनी भाव काढला नाही, मोबाइल उचलला नाही. म्हणाले, "डबा कुठाय?"

"खोलीवर."

"मग घेऊन ये. अडतंय कुठं ते बघू आधी."

कार्ड विकायला डबा कशाला बघायचा, हे मला कळेना. पण दुसऱ्या दिवशी शेअर रिक्षात डबा मांडीवर घेऊन प्रेमदानहून दिल्लीगेटला आलो. शेजारच्या बाईंनी "टीव्ही आहे का?" म्हणून विचारलं.

मामांनी डबा जोडला, गेम सुरू करायला लावला आणि पडद्याच्या कोपऱ्यात आकडे दाखवणारा एक छोटा प्रोग्रॅम चालू केला. मग मला चौकात गाडी फिरवायला सांगून स्वतः स्टुलावर बसले.

"किती फ्रेम?"

"सत्तावीस."

"आता रिझोल्यूशन ८०० बाय ६०० कर. किती?"

"अठ्ठावीस."

"चित्र एवढं बारीक केलं, तरी एकच वाढली. कार्डावर किती टक्के लोड दाखवतंय?"

"चाळीस."

"आणि प्रोसेसरवर?"

"शंभर."

"मग कार्ड काय म्हणून बदलतो? ते बिचारं बसून आहे."

मला अजूनही पटलं नव्हतं, ते चेहऱ्यावर दिसलं असावं. त्यांनी विचारलं, घरी काय असतं? मी म्हणालो, गिरणी. तेव्हापासून मी गिरणी झालो.

"दगड कोण फिरवतं?"

"मोटर."

"वरून दाणे कोण सोडतं?"

"आई."

"आई चहा करायला गेली न् दाणे संपले तर?"

"दगडावर दगड घासतो."

"हां. तुझं कार्ड म्हणजे दगड. कुठल्या गाडीनं कुठं वळायचं, कोण कुणाला धडकलं, हा सगळा हिशेब प्रोसेसरनं करून द्यायचा, मग कार्डानं चित्र दळायचं. वरून दाणेच येईनात. तू आता बारा हजाराचा मोठा दगड आण. तो पण रिकामाच फिरल."

दिवाळी तोंडावर होती. बारा हजाराच्या कार्डात त्यांचे हजारभर तरी सुटले असते. मी पैसे खिशात घेऊन, वस्तूचं नाव ठरवून गेलेला गिऱ्हाईक. 'मागवतो' एवढंच म्हणायचं होतं. मामांचं माझ्यावर जे काही ऋण आहे त्यातलं सगळ्यात मोठं हे, न विकलेल्या कार्डाचं. वहीत ते लिहायला रकाना नाही.

मग मी हट्ट धरला आय५-३४७० चा. जीटीए ५ च्या शिफारशीत तोच प्रोसेसर लिहिलेला होता आणि सॉकेटही माझ्या बोर्डाचंच, ११५५. मामांनी डबा पुन्हा चालू केला, बायॉसच्या पानावर नेला आणि तारीख दाखवली. २०११. "हा प्रोसेसर तिसऱ्या पिढीचा. ती पिढी निघाली २०१२ च्या एप्रिलात. तुझा बोर्ड त्याच्या आधीचा, त्याला हा पाहुणा ओळखू कसा येणार?" नामांकित कंपन्यांनी त्यांच्या एच६१ बोर्डांसाठी बायॉसची नवी आवृत्ती काढली होती. माझ्या बोर्डाच्या कंपनीची आवृत्ती मामांना कुठं सापडली नाही. सापडली असती तरी ते चढवायला राजी नव्हते, कारण त्यांच्याकडं तेव्हा इन्व्हर्टर नव्हता, आणि बायॉस चढत असताना वीज गेली तर बोर्ड कायमचा झोपतो.

उरले दुसऱ्या पिढीचे. आय३-२१२० स्वस्त, चार थ्रेडचा, त्यावर फार क्राय उघडला असता. "पण सहा महिन्यांनी परत माझ्याच जिन्यात येशील." आय७-२६०० ला जवळपास दुप्पट पैसे. नावापुढं 'के' असलेला आय५ कशाला घ्यायचा, एच६१ वर त्याचा वेग वाढवताच येत नाही. फिरून गाडी आय५-२४०० वर आली. चार खरे कोअर, ३.१ गिगाहर्ट्झ, ६ एमबी कॅश; रॅम तीच, बोर्ड तोच, विंडोज तेच. पेंटियम ६५ वॉटचा, हा ९५ चा. "तीस वॉट वाढतील. एसएमपीएस झेपवील. पंखा मात्र बदलायचा." पेंटियमसोबत आलेला कूलर नुसता ॲल्युमिनियमचा. मामांनी खोक्यातून दुसरा काढून उलटा करून दाखवला, त्याच्या मधोमध तांब्याची गोल टिकली होती. नगरच्या मे महिन्यात ती टिकली किती कामाची आहे ते मला पुढं कळलं.

नवा आय५-२४०० तेव्हा कुठल्या दुकानात मिळणार? पुण्यातल्या कंपन्या काही वर्षांनी ऑफिसचे कॉम्प्युटर लॉटनं काढून टाकतात. डेलच्या ऑप्टिप्लेक्स ७९० सारख्या डब्यांत हाच प्रोसेसर सर्रास असायचा. मामांचा एक ओळखीचा माणूस असे लॉट फोडायचा. जुना माल घ्यायची मला धास्ती, तर मामा म्हणाले, "बोर्ड मरतो, एसएमपीएस मरतो, पंखा मरतो. प्रोसेसर सहसा मरत नाही. जुनं काही घ्यायचं तर तेच घ्यावं. आणि ह्यानं जन्मभर एक्सेल केलंय, दमलेला नाही." भाव ठरला ४२००, माझा पेंटियम परत दिला की ६०० वजा. दिवाळी उरकल्यावरच्या बुधवारी ये म्हणाले.

तो बुधवार ९ नोव्हेंबरचा निघाला. आदल्या रात्री आठ वाजता पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्याची घोषणा झाली होती. माझे १४ हजार म्हणजे पाचशेच्या २८ नोटा. बँका बंद, एटीएम बंद. प्रोसेसर तर आला होता. मामांनी तो पारदर्शक डबीतून काढून कडेला धरून दाखवला. मी नोटांचं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात तेच म्हणाले, "त्या तू बँकेत भर. मला दिल्या तर तुझ्या नोटांसाठी मी रांगेत उभा राहू का? घेऊन जा. लिहून ठेवतो." वहीत ओळ पडली: तिसगाव गिरणी, ३६००. माझा नंबर घेतला नाही, पत्ता विचारला नाही. त्या आठवड्यात सख्ख्या भावाला कुणी सुटे शंभर देत नव्हतं.

"संध्याकाळी डबा आण, बसवून देतो," हे त्यांनी दोनदा सांगितलं. मी थांबलो नाही.

इंटेलच्या या सॉकेटची गंमत अशी की पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डाला असतात. तळहाताच्या खळग्याएवढ्या चौकोनात ११५५ सोनेरी पिना, केसासारख्या बारीक, सगळ्या एका बाजूला किंचित झुकलेल्या, वाऱ्यानं लवलेल्या गवतासारख्या. प्रोसेसर सरळ वरून ठेवायचा असतो, त्रिकोणी खुणेला खूण जुळवून, सरकवायचा नसतो. रात्री खोलीत मी झाकण उघडलं, पेंटियम काढला, नवा दोन बोटांत धरला आणि माझ्या बोटांना घाम होता. तो कोपऱ्यावर पडला. उचलला तर गवताचा एक कोपरा लोळलेला.

खोलीतला एक जण म्हणाला, "बसव की, दाबलं की सरळ होतील." मी झाकण लावून आडवा झालो. झोप कसली लागते.

गुरुवारी बँका उघडल्या. सावेडीपासून पुढं दिसेल त्या बँकेसमोर रांग, आणि मी रिक्षात डबा घेऊन. मामांना सगळं सांगितलं. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी सॉकेट ट्यूबलाइटखाली तिरकं धरून पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "खालून भिंग आण."

घड्याळवाले भिंग घेऊन स्वतःच वर आले. नोटा नाहीत म्हणून गिऱ्हाईक नव्हतं, त्यांनाही वेळ होता. मामांनी शिवणाची सगळ्यात बारीक सुई घेतली, तिचं नेढं पेन्सिलीच्या लाकडात रोवलेलं होतं, म्हणजे हे काम पहिलं नव्हतं. मला मोबाइलचा उजेड धरायला लावला. "समोरून नको. कडेनं." कडेनं उजेड पडला की सरळ पिनांची टोकं एका ओळीत चमकतात, वाकलेली असते तिथं काळा ठिपका राहतो. मामांनी ठिपके मोजले. अकरा.

सुईचं टोक पिनेच्या पोटाखाली घालून ते तिला ढकलत नसत, नुसतं टेकवत आणि मनगट जरा वळवत. पीन उठली की थांबत, भिंग काढून डोळा चोळत, परत लावत. एकदा वाकून सरळ झालेली पीन पुन्हा वाकवली तर तुटते, म्हणून प्रत्येकीला एकच संधी. घड्याळवाले मधूनच "अजून थोडी डावीकडं" म्हणत आणि मामा त्यांचं ऐकत. दोन तास माझा हात तसाच. दुखायला लागला, पण बदलायची छाती झाली नाही.

मग प्रोसेसर ठेवला, झाकणाची दांडी दाबली, ज्वारीच्या दाण्याएवढी पेस्ट, त्यावर तांब्याच्या टिकलीचा कूलर. बटण दाबलं. पंखा फिरला, बीप वाजत राहिली, पडदा कोरा. मामांनी रॅमची एक पट्टी काढली. पडदा उजळला. आय५-२४००, चार कोअर, २ जीबी.

मला तर नाचावंसं वाटलं. एक स्लॉट गेला तर गेला. पण मामांनी बटण बंद केलं. या पिढीत रॅमशी बोलणारा भाग प्रोसेसरच्या आतच असतो, म्हणून सॉकेटातली एखादी पीन टेकली नाही की रॅमचा अख्खा स्लॉट मुका होतो. "अजून एक वाकडी आहे." कूलर काढला, पेस्ट पुसली, परत भिंग. चाळीस मिनिटं गेली. ती बारावी पीन वाकलेली नव्हती, शेजारणीपेक्षा जरा खाली बसलेली होती, वरून दिसायचीच नाही. ती घड्याळवाल्यांना दिसली.

४ जीबी.

मी विचारलं, ह्याचे किती? मामा सुई पेन्सिलीच्या डब्यात ठेवत म्हणाले, "पिनांचे कसले पैसे? पिना तुझ्याच होत्या." वहीतला आकडा ३६०० च राहिला. पेंटियम त्यांनी ठेवून घेतला. पुढं कधीतरी सांगितलं, तो एका सेतू केंद्रात सातबारे काढतोय.

त्या रात्री जीटीए ५ पन्नास-साठ फ्रेमनं पळाला. रस्ता गाडीच्या आधी हजर होता. फार क्राय उघडला, दोन दिवस खेळलो आणि कंटाळलो.

पैसे मी हप्त्यांनी फेडले, कधी ५००, कधी ८००. मेपर्यंत ३०० उरले. ते द्यायला गेलो तर मामांनी विचारलं, घरी बाजरी आहे का? "नगरात मिळतंय ते पीठ भाकरीला धड नाही. ह्या तीनशेची बाजरी दळून आण, पण एकदम नको. चार दिवसांत कडू होतं. येशील तेव्हा दोन किलो." मी हिशेब केला, सात-आठ खेपांत फिटेल. पहिल्या खेपेला आईनं जास्तीचं दिलं. दुसऱ्या खेपेला मामींनी त्याच पिशवीत शेंगदाण्याची चटणी घालून परत पाठवली. तिथं हिशेब बिघडला तो बिघडलाच. वहीतली ओळ मामांनी अजून खोडलेली नाही.

त्या प्रोसेसरनं माझं आयुष्य घडवलं वगैरे काही नाही. मी पतसंस्थेत काम करतो, दिवसभर दुसऱ्यांचे हप्ते मोजतो. नुसतं वहीत लिहून माल देणारा माणूस आमच्या नियमात बसत नाही. जामीन नाही, पत्ता नाही, आणि वर वसुली पिठात. आमच्या ऑडिटरला हार्ट अटॅक येईल. आय५-२४०० मात्र तिसगावला घरी अजून आहे. विंडोज ११ त्याला घेत नाही, आणि १० चा आधार २०२५ च्या ऑक्टोबरात संपला. आई त्यावर कीर्तन लावते.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात केडगावहून थोरल्या भावाचा मुलगा डबा घेऊन आला. एएमडीचा रायझन ३ २२००जी, ए३२० बोर्ड, जुनं ग्राफिक्स कार्ड. "काका, सगळंच बदलावं लागेल," तो म्हणाला. नेमके त्याच वेळी रॅमचे भाव आभाळाला टेकले होते. जगातल्या एआयवाल्यांनी मेमरी उचलली आणि केडगावचं पोरगं अडलं. मला थायलंडचा पूर आठवला. मी पिठाची पिशवी घेतली आणि त्याला बोळात नेलं. गावाच्या पाट्यांवर आता अहिल्यानगर आहे, मामांच्या जिन्याची तिसरी पायरी अजून तशीच हलते.

मामांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं राहिलंय. त्यांनी पोराकडं पाहिलं, डब्याकडं पाहिलं. "अडतंय कुठं?"

पोरगं गडबडलं. मी गप्प बसलो.

तासाभरात ठरलं. रायझन ५ ५५००, सहा कोअर, वॉट तेवढेच ६५, रॅम जुनीच. बायॉस चढवावा लागेल, पण आता मामांकडं इन्व्हर्टर आहे. "ह्याच्यात पिना प्रोसेसरला असतात," ते पोराला सांगत होते, "कूलर सरळ उपटू नको, पेस्टला चिकटून प्रोसेसर वर येतो न् पिना आडव्या होतात. आधी दहा मिनिटं डबा चालू ठेव, पेस्ट गरम होऊ दे. मग बंद कर, वायर काढ, आणि कूलर डावीकडं-उजवीकडं पिळून सोडव." पोरगं मान डोलावत होतं. मी त्याच्या बोटांकडं बघत होतो.

"बसवायला इथंच आणायचा," मी म्हणालो.

मामांनी वही काढली. नवी होती, पण लाल कापडाचीच. डोळ्याजवळ धरून लिहिलं: तिसगाव गिरणी.

"गिरणी तर बंद झाली ना," पोरगं म्हणालं. "सगळ्यांनी घरघंट्या घेतल्या."

मामांनी पुढं रक्कम लिहिली, खाली रेघ मारली. मग पिशवीची गाठ सोडली, चिमूटभर पीठ बोटांत चोळलं आणि नाकाशी नेलं.

"दगडाचं नाही हे," ते म्हणाले.